गबाळ्यांची इंग्रजी

प्रश्न : बाई, मी एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. घर राजेंद्रनगरला आणि नोकरी विजयनगरकडे, म्हणजे रोज अख्खे इंदूर स्कूटरवरून ओलांडायचे. यंदाच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी ‘ॲपिअरन्स ऑफन अनकेम्प्ट’ असा शेरा मारला आहे. मित्राने मोबाइलवर अर्थ बघितला तर ‘घाणेरडा, अस्वच्छ’ असा निघाला. मी रोज अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून निघतो. हेल्मेट काढले की केस उभे राहतात, शर्ट जरा चुरगळतो, एवढेच. हा अपमान आहे का? सही करायच्या आधी ‘एम्प्लॉयी कमेंट’चा एक रकाना भरायचा आहे. त्यात काय लिहू?
(एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर : मित्राला माझा निरोप सांगा, मोबाइलवरचा पहिला अर्थ हातात घेऊन भांडायला निघायचे नसते. ‘अनकेम्प्ट’मध्ये घाण नाही. जुन्या इंग्रजीत केस विंचरण्याला ‘केम्बन’ असे क्रियापद होते आणि आपण कंगव्याला जो ‘कोम’ शब्द वापरतो तो त्याचाच भाऊबंद. तेव्हा अनकेम्प्ट म्हणजे मुळात न विंचरलेला. पुढे हा शब्द डोक्यावरून खाली उतरला. दाढी अनकेम्प्ट झाली, कपडे झाले, माणूस झाला आणि शेवटी बागही झाली. माळी फिरकलेला नाही, मेंदीचे कुंपण वेडेवाकडे वाढले आहे, वाटेवर गवत आले आहे, अशा बागेला इंग्रज हाच शब्द लावतो. म्हणजे मथितार्थ काय, तर निगा न राखलेला. तुमच्या अंघोळीवर साहेबांनी शंका घेतलेली नाही. हयगय करता, असे मात्र म्हटले आहे. त्याला ‘ऑफन’ची जोड देऊन ती हयगय नेहमीचीही करून टाकली आहे. तेव्हा अपमान म्हणून रडू नका, पण हा आरोप आहे आणि आरोपाला उत्तर द्यायचे असते.

तुम्ही जे वर्णन केले आहे त्याला शब्द आहे ‘डिशेव्हल्ड’. आधी उच्चार नीट करून घ्या, कारण स्पेलिंग बघून आपल्याकडचे निम्मे लोक ‘डिस-हेव्हल्ड’ म्हणतात. तिथे ‘स’ आणि ‘ह’ वेगळे नाहीत, दोघे मिळून ‘श’ आहे. शब्द फ्रेंचांकडून आला, आणि आजही त्यांच्याकडे केसांना ‘शवो’ म्हणतात. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत डोक्यावर काही न घेता, केस मोकळे सोडून वावरणाऱ्या माणसाला हा शब्द लावत. आता केसांबरोबर कपडेही त्यात आले. पण ह्या शब्दात एक गोष्ट गृहीत असते, की माणूस एरवी ठीकठाक आहे आणि मध्ये काहीतरी घडले आहे. रात्रपाळी करून आलेला डॉक्टर डिशेव्हल्ड असतो. गाडी चुकू नये म्हणून जिना पळत उतरलेला माणूस असतो, भांडण सोडवायला मध्ये पडलेला असतो. स्कूटरवरून पलासियाचा ट्रॅफिक पार करून आलेला रिसेप्शनिस्टही त्याच रांगेतला.

मी शाळेत शिकवायची तेव्हा मुलांना अशा शब्दांच्या आधी दोन गोष्टी विचारायला लावायची. हे आत्ता झाले आहे की नेहमीचेच आहे? आणि दोष वाऱ्याचा की माणसाचा? एवढ्यावर अर्धे शब्दकोश मिटतात. नुसते केस वाऱ्याने उडाले असतील तर ‘विंडस्वेप्ट’. दोष वाऱ्याचा, आणि त्यात थोडी ऐटही आहे. जाहिरातीतली माणसे नेहमी विंडस्वेप्ट असतात. केस कोणीतरी हाताने किंवा उशीने विस्कटले असतील तर ‘टाउझल्ड’. हा लाडाचा शब्द आहे, झोपेतून उठलेल्या नातवाला लावायचा. हल्ली सलूनवाले ह्याच अवताराचे पैसे घेतात, तो भाग वेगळा. पावसात भिजून, चिखल उडवून घेऊन आलात तर ‘बिड्रॅगल्ड’, कारण त्यात ओढत-फरफटत आणल्याची क्रिया आहे. कोरड्या माणसाला तो लावता येत नाही. चेष्टेत म्हणायचे असेल तर इंग्रजांकडे एक वाक्प्रचार आहे, की ह्याला काटेरी कुंपणातून उलटे ओढून काढलेले दिसते. आपण ‘काय हा अवतार!’ म्हणतो तिथे तो चालतो. अप्रेझलमध्ये चालत नाही.

दुसऱ्या बाजूला माणसाला दोष देणारे शब्द. त्यात ‘स्क्रफी’ त्यातल्या त्यात सौम्य. त्याचे मूळ डोक्यातल्या कोंड्यात आहे हे आता कोणाच्या लक्षात नसते, आणि गल्लीतल्या केसाळ कुत्र्याला तो प्रेमाने म्हणता येतो. ‘स्लॉपी’ म्हणजे ढगळ, ढिसाळ, कपड्यांतही आणि कामातही. आणि सगळ्यांत वाईट ‘स्लव्हन्ली’. हा साहेबांनी लिहिला असता तर मी तुम्हाला रागवा असेच म्हटले असते, कारण हा शब्द कपड्यांवरून थेट स्वभावावर जातो. आपला ‘अजागळ’ जातो तसा. शेळीच्या गळ्याखाली मांसाची जी दोन बोंडे लोंबतात, ज्यांतून दूध निघत नाही, ती म्हणजे अजागळ. त्यावरून माणूस निरुपयोगी ठरवायचा म्हणजे केवढी मजल! स्लव्हन्लीचा पहिला स्वर ‘लव्ह’मधला आहे, ‘स्लो’मधला नव्हे. आणि शेवटी ‘ली’ दिसले तरी ते क्रियाविशेषण नाही, ‘फ्रेंड्ली’सारखे विशेषण आहे. ‘ही ड्रेसेस स्लव्हन्ली’ असे लिहिलेत तर पेपर तपासणारी बाई त्याखाली लाल रेघ ओढेल. मी तरी ओढायची.

आता तुमचा रकाना. ‘आय ॲम नॉट अनकेम्प्ट’ असे अजिबात लिहू नका. वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘नॉट’ राहत नाही, पुढचा शब्द राहतो. सरळ दोन वाक्ये लिहा : ‘आय कम्यूट अक्रॉस द सिटी बाय स्कूटर अँड मे लुक डिशेव्हल्ड ऑन अरायव्हल. आय विल रिपोर्ट टेन मिनिट्स अर्ली टू फ्रेशन अप.’ पहिल्या वाक्याने ‘ऑफन’ जाऊन त्या जागी ‘ऑन अरायव्हल’ येते, म्हणजे नेहमीची सवय जाऊन ड्यूटीच्या आधीची काही मिनिटे उरतात. दुसऱ्याने साहेबांना पुढच्या वर्षी तोच शेरा मारायला तोंड राहत नाही. मग ती दहा मिनिटे खरेच लवकर जा आणि खिशात कंगवा ठेवा.

एक विचारायचे राहिले. दाढीबद्दल तुम्ही पत्रात चकार शब्द काढलेला नाही. सकाळी घोटून दाढी केली आणि संध्याकाळी गालावर निळसर झाक आली, तर तिला इंग्रजीत ‘फाइव्ह ओक्लॉक शॅडो’ म्हणतात आणि त्याचा दोष कोणी देत नाही. पण दोन-तीन दिवसांची खुंटे घेऊन काउंटरवर उभे राहत असाल, तर साहेबांचा शब्द बरोबर आहे आणि माझे वरचे सगळे वकीलपत्र रद्द समजा.

प्रश्न : आमचे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये सूटिंग-शर्टिंगचे दुकान आहे. बाहेरगावच्या एका पार्टीकडून आलेले थान धुतल्यावर गोळा झाले. मी त्यांना मेल लिहिला, त्यात ‘शॅबी क्लॉथ’ लिहिले. पुतण्या म्हणाला, काका, ‘शॉडी’ लिहायला हवे होते. दोन्हींत फरक तो काय?
(एक व्यापारी वाचक, इंदूर)

उत्तर : पुतण्याचे बरोबर आहे. त्याला सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेऊन काहीतरी खायला घाला.

‘शॅबी’ म्हणजे वापरून वापरून झिजलेले, विटलेले. कोरे थान शॅबी असूच शकत नाही, त्याला तेवढे आयुष्यच मिळालेले नसते. तुम्हाला म्हणायचे होते, की माल मुळातच हलका आहे, वरून बरा दिसतो आणि पहिल्या धुण्यात उघडा पडतो. त्याला ‘शॉडी’. आणि हा शब्द तुमच्याच धंद्यातला आहे, हे तुम्हाला आवडेल. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये बॅटली नावाचे गाव आहे. तिथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातायची युक्ती काढली. त्या कापडाचे नाव शॉडी. ज्या यंत्रात चिंध्या टरकावल्या जात त्याला कामगार ‘डेव्हिल’ म्हणत. तेव्हा ही शिवी नव्हती. स्वस्त, ऊबदार, गरिबाला परवडणारे कापड होते ते. पुढे १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. ठेकेदारांनी सैनिकांच्या गणवेशांत हेच कापड, तेही अगदी रद्दी प्रतीचे, खपवले. शिवणी उसवल्या, पावसात कोट विरघळल्यासारखे झाले, आणि शॉडी म्हणजे फसवणुकीचा माल हा अर्थ पक्का झाला. कापड मात्र गेले नाही. आपल्याकडे पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून असे सूत काढायचा मोठा धंदा आजही चालतो. तिथल्या व्यापाऱ्याला ‘शॉडी यार्न’ म्हटलेत तर तो रागावणार नाही, भाव सांगेल.

बाकी ‘शॅबी’वर मला थोडे बोलू द्या, कारण तो शब्द लोक उगाच तुच्छतेने वापरतात. मूळ वाईट आहे खरे, खरजेच्या खपलीचे. पण इंग्रजीत ‘शॅबी-जेंटील’ असा एक जोडशब्द आहे. परिस्थिती उतरली आहे, कोट झिजला आहे, आणि तरीही तो ब्रश मारून, बटणे लावून घालायचा, अशा माणसासाठी. माझे वडील एका कापडगिरणीत कारकून होते. सदऱ्याची कॉलर मानेशी घासून तिचे धागे सुटायला लागले, की ते सदरा शिंप्याकडे न्यायचे. शिंपी कॉलरची शिवण उसवून ती उलटी करून पुन्हा बसवायचा. झिजलेली बाजू घडीच्या आत जायची आणि आतली कोरी वर यायची. फरक एवढाच, की जुना भाग उन्हाने उतरलेला आणि कॉलर मूळ रंगाची, त्यामुळे गळ्याभोवती एक गडद पट्टा दिसायचा. गिरणीच्या ऑफिसात बहुतेकांच्या गळ्याभोवती तो असायचा. कोटाला रफू, बुटाला नवी टाच. टाचा झिजून गेलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डाउन ॲट हील’ म्हणतात, आणि त्यात पैशाची ओढाताण असते, आळस नसतो. असा माणूस शॅबी असेल. अनकेम्प्ट तो एक दिवसही नव्हता, आणि स्लव्हन्ली तर त्याला त्याच्या शत्रूनेही म्हटले नसते. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी ठेवणाऱ्या मुलांवर मी शाळेत उगाच चिडायची नाही.

तुमच्या मेलमध्ये आता ‘शॉडी’ लिहा. आणि पैसे परत मागायचे असतील तर विशेषणावर थांबू नका. किती मीटर, कोणत्या तारखेचे बिल, धुतल्यावर किती इंच आटले, ते लिहा.

प्रश्न : मी एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. रोज सुती साडी, घट्ट वेणी, पायात साध्या चपला. परवा एक सहकारी मैत्रीण दुसरीला माझ्याबद्दल ‘अ बिट फ्रम्पी’ म्हणाली. म्हणजे मी गबाळी दिसते का?
(एक वाचक, तिलकनगर)

उत्तर : नाही हो. ‘फ्रम्पी’चा अव्यवस्थितपणाशी संबंधच नाही. कपडे धुतलेले, इस्त्रीचे, पिना जागच्या जागी, आणि तरीही बाई फ्रम्पी असू शकते, कारण ह्या शब्दाचे भांडण फॅशनशी आहे. जुन्या वळणाचे, बेढब, डोळ्यांत न भरणारे, असा त्याचा रोख. ‘डाउडी’ तिची सख्खी बहीण. दोन्ही शब्द पुरुषांना जवळजवळ कोणी लावत नाही. तुमच्या क्लासमधले सर वर्षानुवर्षे त्याच चौकड्याच्या शर्टात फळ्यापुढे उभे असतील, त्यांना कोणी फ्रम्पी म्हटल्याचे ऐकले आहे का?

इंग्रजीने ह्या बाबतीत बायकांसाठी वेगळे कपाटच करून ठेवले आहे. ‘स्लॅटर्न’ म्हणजे गबाळी, घाणेरडी बाई, पुरुषासाठी तो शब्द नाही. ‘ब्लाउझी’ म्हणजे लालबुंद चेहऱ्याची, केस विस्कटलेली, ऐसपैस बाई. शब्दकोशात हे आहेत, जुन्या कादंबऱ्या वाचताना लागतील, म्हणून सांगितले. बोलण्यात कोणाबद्दलही वापरू नका. मैत्रिणीला बोलायचेच असेल तर बोला, पण साडीवरून नको. सुती साडीची बाजू घ्यावी लागते हेच मला पटत नाही.

प्रश्न : मॅम, आय मीन बाई, मी बी. ए. ला आहे आणि इंग्रजीत कथा लिहिते. नायक रात्रभर ट्रेनने येतो आणि त्याचा शर्ट खराब झालेला आहे. रम्पल्ड, क्रम्पल्ड, क्रीझ्ड, रिंकल्ड, ह्यांपैकी काय?
(एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : ‘रम्पल्ड’ लिही. अंगावरच कपडे घेऊन झोपले, कूस बदलली, उठले, की जे होते ते रम्पल्ड. चादर होते, सूट होतो. त्यात माणसाबद्दल थोडी मायाही असते, तुझा नायक आहे म्हटल्यावर ती हवीच. ‘क्रम्पल्ड’मध्ये मूठ लागते. कागद, रुमाल, बसचे तिकीट मुठीत चुरगाळतात. त्याचा शर्ट बॅगेच्या तळाशी कोंबलेला निघाला तर क्रम्पल्ड म्हण. ‘क्रीझ्ड’ म्हणजे घडीच्या रेघा उमटलेला, पण इथे एक गंमत आहे. पँटला इस्त्रीची धारदार ‘क्रीझ’ हवी असते आणि शर्ट ‘क्रीझ्ड’ नको असतो. तोच शब्द एका कपड्यावर शाबासकी आणि दुसऱ्यावर तक्रार. ‘रिंकल्ड’ शर्ट अमेरिकन जास्त म्हणतात. ब्रिटिशांना रिंकल म्हटले की आधी चेहरा आठवतो. आपणही कपड्याला चुण्या म्हणतो आणि सुरकुत्या कातडीला ठेवतो.

आणि एका वाक्यात ह्यांपैकी एकच घाल. तू पाठवलेल्या नमुन्यात नायक एकाच ओळीत डिशेव्हल्ड, रम्पल्ड आणि टायर्ड आहे. बिचारा स्टेशनवर उतरायच्या आत विशेषणांखाली दबला. शर्टाची एक बाही वर गुंडाळलेली आणि दुसरी सुटलेली, एवढे दाखवलेस तरी मला कळेल.

प्रश्न : अनकेम्प्ट आहे तर ‘केम्प्ट’ पण आहे का? आणि ‘शेव्हल्ड’?
(इयत्ता आठवी)

उत्तर : ‘केम्प्ट’ आहे, शब्दकोशात सापडेल, पण लोक तो बहुधा गमतीने वापरतात. ‘शेव्हल्ड’ नाही. ज्याला नीटनेटके म्हणायचे त्याला ‘नीट’ किंवा ‘टायडी’ म्हण. ‘टायडी’ पूर्वी वेळेवर होणाऱ्या गोष्टीला म्हणत, समुद्राच्या भरती-ओहोटीचा ‘टाइड’ त्याच्याच घरातला. तुझी वही वेळेवर आली तर तुला जुन्या अर्थाने टायडी म्हणीन, अक्षर बघून नव्या अर्थाचे ठरवू.

प्रश्न : सुटीत नातवंडे पुण्याहून येतात. सकाळी दहापर्यंत तोंड धुवून तशीच लोळत असतात आणि तशीच पोह्यांना हात घालतात. ‘पारोसे आहात, आधी अंघोळ’ म्हटले की विचारतात, आजी, पारोसे म्हणजे इंग्रजीत काय? काय सांगू?
(एक आजी, लोकमान्यनगर)

उत्तर : आजी, एका शब्दात काही नाही. ‘डर्टी’ म्हणू नका, कारण पारोसा माणूस स्वच्छ दिसूही शकतो. केस विंचरलेले, कपडे बरे, आणि तरी पारोसा. ‘अनवॉश्ड’ जवळचा वाटतो, पण जपून. ‘द ग्रेट अनवॉश्ड’ असा इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, आणि वरच्या लोकांनी सामान्य जनतेला हिणवायला तो केला. नातवंडांनी उद्या शाळेत तो भलत्याच जागी वापरला तर निस्तरायला तुम्हालाच पुण्याला जावे लागेल. इंग्रजाकडे सकाळच्या अंघोळीचा सोवळ्या-ओवळ्याशी असा काही हिशेबच नाही, तर शब्द तरी कुठून येणार? ‘यू हॅव्हन्ट हॅड युअर बाथ येट’ एवढे म्हणा, त्यांना कळते. तरीही हलली नाहीत तर पोह्यांचे पातेले झाकून ठेवा आणि जिलेबी समोर दिसेल अशी ठेवा.